फ्लॅटहेड व्ही८ ला पाच गिअरचा टी५: आधी गणित, मग पाना

प्रश्न थोडक्यात असा. १९४० ची फोर्ड कूप, इंजिन ५९एबी मालिकेतलं २३९ घनइंची फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं) व्ही८, मूळचा तीन गिअरचा बॉक्स, मागे टॉर्क ट्यूब (प्रोपेलर शाफ्ट आत घेणारी जाड नळी) आणि ३.७८ रेशोचा ॲक्सल. ताशी ६० मैलांना इंजिन ओरडायला लागतं. जंकयार्डमध्ये शेव्हरोले एस१० पिकअपचा टी५ गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय. तो बसेल का, काय काय बदलावं लागेल, आणि नंतर काय बिघडतं?

बसतो. अमेरिकेत अशा शेकड्यांनी गाड्या धावताहेत आणि इंजिनाला परका बॉक्स जोडणारे ॲडॅप्टर तयार मिळतात. पण "स्वस्तात मिळतोय" म्हणून आधी बॉक्स उचलायचा आणि बाकीचं नंतर बघायचं, ही या कामातली पहिली चूक. बॉक्स आणि मागचा ॲक्सल एकत्र निवडायचे असतात. तेवढं कागदावर जमलं की दुसरी मोठी गोष्ट उरते ती मध्य जुळवण्याची, म्हणजे क्रँकचा अक्ष आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा अक्ष एका रेषेत आणण्याची. या दोन्हींत पाना लागत नाही, पेन्सिल आणि डायल गेज लागतो.

आधी पेन्सिल. इंजिनाचे आरपीएम काढायचं सूत्र: ताशी मैल गुणिले ३३६ गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले त्या गिअरचा रेशो, भागिले टायरचा इंचातला व्यास. ६.००-१६ टायर साधारण २८ इंची धरा. जुन्या बॉक्सचा तिसरा गिअर थेट एकास एक, म्हणजे ६० मैलांना २,७२१ आरपीएम. १९४६–४८ च्या २३९ फ्लॅटहेडची कमाल ताकद १०० अश्वशक्ती ३,८०० ला, आणि कमाल टॉर्क १८० फूट-पौंड २,००० ला. म्हणजे हायवेवर हे इंजिन टॉर्कच्या शिखरापासून बरंच वर, सतत, तासन् तास फिरत राहतं. त्यात फ्लॅटहेडची धुराडी ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जातात, त्यामुळे जास्तीच्या प्रत्येक फेऱ्याची उष्णता थेट पाण्यात उतरते. ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे एकाहून कमी रेशोच्या पाचव्या गिअरचा, खरा फायदा पेट्रोलपेक्षा रेडिएटरला होतो.

आता दुसरं टोक. पहिल्या गिअरचा रेशो आणि ॲक्सलचा रेशो यांचा गुणाकार गाडी उठवताना महत्त्वाचा. त्या काळच्या फोर्डमध्ये पहिला गिअर बहुधा ३.११, म्हणजे ३.७८ च्या ॲक्सलशी गुणाकार ११.७६. गाडीला हे मानवतं. एस१० च्या चार सिलिंडरच्या पिकअपमधल्या टी५ चा पहिला गिअर ४.०३ आहे. तो ३.७८ शी गुणला की १५.२३. अशा गाडीत ३,००० आरपीएमला वेग जेमतेम १६ मैल. चौकातून निघून रस्ता ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागेल. पहिला गिअर असून नसल्यासारखा.

२८ इंची टायर धरून काही जोड्या मांडतो. पहिला आकडा पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार, दुसरा पाचव्यात ६० मैलांना आरपीएम:

एस१०, ४.०३ आणि ०.८६, ॲक्सल ३.७८: १५.२३, २,३४०
तोच बॉक्स, ॲक्सल ३.००: १२.०९, १,८५८
नंतरचा एस१०, ३.७६ आणि ०.७२, ॲक्सल ३.५५: १३.३५; १,८४०
मस्टँग ५.० चा, ३.३५ आणि ०.६८, ॲक्सल ३.७८: १२.६६, १,८५१
कॅमारो व्ही८ चा, २.९५ आणि ०.६३, ॲक्सल ४.११: १२.१२, १,८६४
कॅमारोचाच, ॲक्सल ३.७८: ११.१५, १,७१५

पहिल्याचा गुणाकार ११ ते १२.५ च्या आसपास आणि पाचव्याचा २.५ ते २.७ च्या आसपास येईल अशी जोडी शोधा. ६० ला साधारण १,८५०, ७० ला २,१५० ते २,२०० आरपीएम येतात, आणि इंजिन आपल्या टॉर्कच्या शिखराभोवती आरामात चालतं. याहून खाली जायचा मोह नको. ०.६३ चा पाचवा ३.०० च्या ॲक्सलला लावून १,३५० वर इंजिन रांगतं ठेवलं, तर चढावर ते ठोकायला लागतं आणि तापतंही. फ्लॅटहेडला घाई जशी सोसत नाही, तसं ओझंही सोसत नाही.

म्हणजे तुम्हाला मिळतोय तो स्वस्त एस१० बॉक्स वाईट नाही. ३.७८ च्या ॲक्सलला तो चुकीचा, ३.०० च्या ॲक्सलला अगदी बरोबर. आणि ॲक्सल तर तुम्हाला बदलावाच लागणार आहे. त्याचं कारण पुढे येतं.

जंकयार्डमध्ये बॉक्स पाहताना आधी शेपटीच्या घरावर बोल्टखाली अडकवलेली पत्र्याची पट्टी शोधा. तिच्यावर १३५२ ने सुरू होणारा नंबर असतो. त्यावरून तो बॉक्स कुठल्या गाडीचा, रेशो कोणते, हे ठरतं. पट्टी नसेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. पहिल्या गिअरमध्ये टाकून, आउटपुट एक पूर्ण फेरा फिरवून, इनपुट किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. चार फेऱ्यांच्या किंचित पुढे गेला तर ४.०३, तीन फेरे पूर्ण व्हायच्या किंचित आधी थांबला तर २.९५. पाचव्याचंही तसंच करा.

टी५ मध्ये दोन जाती आहेत, वर्ल्ड क्लास आणि त्याआधीची साधी. बोर्ग-वॉर्नरने हा बॉक्स १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. मस्टँगमध्ये वर्ल्ड क्लास १९८५ पासून आला, कॅमारोत १९८८ पासून. ओळखायची खूण पुढच्या तोंडावर, इनपुट शाफ्टच्या खाली आहे: तिथे टेपर बेअरिंगची पोलादी रिंग दिसत असेल तर वर्ल्ड क्लास, नुसतं पत्र्याचं बूच दिसत असेल तर साधा. १८० फूट-पौंडांच्या फ्लॅटहेडला साधाही पुरतो. टी५ तुटतो तो बहुतेक वेळा क्लच न दाबता किंवा आपटून गिअर टाकणाऱ्यांकडून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे दात जाऊन. शांतपणे चालवणाऱ्याचा चार सिलिंडरचा बॉक्सही या इंजिनाखाली टिकतो. इनपुट हाताने वर-खाली हलवून बघा. थोडी खळखळ चालते, कारण पुढचं टोक क्रँकच्या मागच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये गेल्यावर सरळ होतं. पण फिरवताना खरखर लागली तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव करा.

आउटपुट शाफ्टवरचे दाते (स्प्लाइन) मोजा. जनरल मोटर्सच्या टी५ ला २७, फोर्डच्या टी५ ला २८. २७ वाल्याला टर्बो ३५० ऑटोमॅटिकचा स्लिप योक (प्रोपेलर शाफ्टचं आउटपुटवर सरकणारं तोंड) चालतो, २८ वाल्याला फोर्ड सी४ चा. इनपुटही वेगवेगळे: फोर्डचा १० दाती १ १/१६ इंची, कॅमारो व्ही८ चा २६ दाती १ १/८ इंची, एस१० मध्ये बहुधा १४ दाती १ इंची. तुमच्या जुन्या फोर्ड बॉक्सचा इनपुट १० दाती पण १ ३/८ इंची आहे, म्हणजे जुनी क्लच प्लेट कशालाही चालणार नाही. दाते मोजूनच नवी प्लेट मागवायची. "फोर्डचे दहा दाते" म्हटलं की दुकानदार दोन्हींपैकी कुठलीही देऊ शकतो, म्हणून व्यास सांगायला विसरू नका.

हॉट रॉडवाले एस१० चाच बॉक्स का शोधतात, तर गिअरच्या दांड्यासाठी. मस्टँग-कॅमारोचा दांडा शेपटीच्या टोकाला आहे. १९४० च्या कूपमध्ये तो सीटच्या खालीच निघेल. एस१० चा त्याहून बराच पुढे आहे, बाकदार दांडा लावला की हाताशी येतो. कॅमारोच्या बॉक्सला आणखी एक खोड आहे: त्या गाडीत तो सुमारे १७ अंश तिरका बसवलेला असतो. सरळ उभा केला की मागचा माउंट आणि दांडा तिरके होतात. यावर उपाय म्हणून कॅमारोचे गिअर आणि एस१० ची शेपटी असा संकर करतात. पण नुसती शेपटी बदलून भागत नाही, एस१० चं वरचं झाकण आणि शिफ्ट रेलही घ्यावी लागते. शेपटी उघडाल तेव्हा पाचव्या गिअरजवळचं प्लास्टिकचं तेलाचं नसराळं परत जागेवर बसवा. ते निखळून राहिलं तर पाचवा गिअर कोरडा पडतो आणि कळतं ते शेवटी आवाजावरूनच.

आता टॉर्क ट्यूब. या कामाचा निम्मा खर्च आणि निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, आणि ॲडॅप्टर विकणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत. १९४८ पर्यंतच्या फोर्ड कारमध्ये प्रोपेलर शाफ्ट एका जाड नळीत बंद असतो. नळी मागे ॲक्सलला पक्की बोल्ट केलेली, पुढे गिअरबॉक्सच्या मागच्या गोल सांध्यात बसलेली. चाकं गाडीला पुढे रेटतात तो सगळा रेटा या नळीतून गिअरबॉक्सवर आणि तिथून चॅसीवर जातो. ब्रेक मारताना, गाडी उठताना ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, त्यालाही हीच नळी धरून ठेवते. मागची आडवी स्प्रिंग फक्त वजन पेलते. टी५ च्या मागे मात्र उघडा प्रोपेलर शाफ्ट लागतो. नळी काढली की ॲक्सलला धरणारं काही उरत नाही. आडवी स्प्रिंग तशीच ठेवून नुसता उघडा शाफ्ट जोडला तर पहिल्याच जोरदार उठावाला ॲक्सलचं पुढचं तोंड, म्हणजे पिनियन, आकाशाकडे बघायला लागतं.

सोपा आणि भरवशाचा मार्ग म्हणजे दोन समांतर पट्ट्यांच्या स्प्रिंगा आणि उघड्या शाफ्टचा ॲक्सल. १९७० च्या दशकातल्या फोर्ड मॅव्हरिकचा आठ इंची ॲक्सल रुंदीला या गाडीखाली जमतो आणि २.७९, ३.०० असे हलके रेशो त्यात सहज मिळतात. म्हणून वर म्हटलं की तुमचा ४.०३ वाला बॉक्स फुकट जाणार नाही. एक अडचण: मॅव्हरिकच्या चाकाचे पाच बोल्ट ४.५ इंची वर्तुळावर आहेत, तुमच्या पुढच्या चाकांचे ५.५ इंची वर्तुळावर. स्टेपनी दोन ठेवायच्या नसतील तर मागचे ॲक्सल शाफ्ट आणि ड्रम नव्या वर्तुळावर ड्रिल करून घ्या किंवा पुढचे हब बदला. हँडब्रेकच्या केबलची लांबीही तेव्हाच मोजून ठेवा.

चॅसी कापायची मुळीच इच्छा नसेल तर टी५ चा नाद सोडा आणि कोलंबियाचा दोन वेगांचा ॲक्सल शोधा. १९३४ ते १९४८ च्या फोर्डसाठी तो विकला जायचा, टॉर्क ट्यूबसकट जागच्या जागी बसतो, व्हॅक्यूमवर चालतो आणि इंजिनाचे फेरे सुमारे २८ टक्क्यांनी उतरवतो: २,७२१ चे साधारण १,९६०. दुर्मीळ आणि महाग, पण गाडी उद्या मूळ रूपात परत आणता येते. अजून कुणी हात न लावलेली, अस्सल कूप असेल तर हाच पर्याय घ्यावा.

कापायचं ठरलं असेल तर पुढचं काम लांबी जुळवणं. ५९ मालिकेच्या इंजिनात बेल हाऊसिंगचा (फ्लायव्हील आणि क्लचवरच्या घराचा) वरचा अर्धा भाग ब्लॉकबरोबरच ओतलेला असतो, त्यामुळे ॲडॅप्टर बेलच्या मागच्या तोंडाला बसतो. १९४९–५३ च्या ८बीए इंजिनाची पाठ सपाट आणि बेल सुटी. तिथे ॲडॅप्टर वेगळा, ५९ साठीचा चालत नाही. फ्लायव्हील मूळचाच ठेवा, म्हणजे स्टार्टरला हात लावावा लागत नाही.

तीन मापं घ्या. पहिलं: बॉक्सच्या पुढच्या तोंडापासून इनपुट शाफ्टच्या टोकापर्यंत. दुसरं: ॲडॅप्टर बसवून, त्याच्या मागच्या तोंडापासून पायलट बेअरिंगच्या पलीकडे खड्ड्याच्या तळापर्यंत. दुसऱ्यातून पहिलं वजा करून किमान एक सूत, म्हणजे १/८ इंच, मोकळीक उरली पाहिजे. तिसरं: ॲडॅप्टरच्या तोंडापासून बेअरिंगच्या जवळच्या काठापर्यंत. पहिल्यातून हे वजा केल्यावर शाफ्टचं टोक बेअरिंगमध्ये निदान तीन ते चार सूत शिरलेलं दिसलं पाहिजे. कमी शिरलं तर बेअरिंगची कड खाल्ली जाते. मोकळीक नसेल तर शाफ्ट क्रँकला पुढे ढकलत राहतो आणि फ्लॅटहेडचा थ्रस्ट झेलणारा मागचा मेन बेअरिंग थोड्याच दिवसांत जळतो. याची एक खात्रीची चाचणी आहे: बॉक्स लावण्याआधी क्रँकची पुढे-मागे होणारी हालचाल डायल गेजवर मोजा, बॉक्स पूर्ण आवळल्यावर परत मोजा. आकडा तोच आला पाहिजे. कमी आला तर इंजिन सुरू करू नका.

पायलट बेअरिंगचं आतलं माप टोकाच्या व्यासाप्रमाणे घ्या. जनरल मोटर्सच्या टी५ चं टोक ०.५९० इंची, फोर्डचं त्याहून जाड. किटबरोबर बेअरिंग आलं असेल तर ते आधी शाफ्टवर हाताने चढवून बघा.

मध्य जुळवणं हा या सगळ्या कामाचा गाभा, म्हणून सावकाश सांगतो. क्लच काढलेला, फ्लायव्हील जागेवर, सगळे स्पार्क प्लग काढलेले. ॲडॅप्टर आवळून बसवा. डायल गेजचा चुंबकी पाय फ्लायव्हीलवर, सुई ॲडॅप्टरच्या त्या गोल खोबणीत जिथे बॉक्सच्या बेअरिंग रिटेनरची कड बसते. क्रँक हाताने फिरवत १२, ३, ६, ९ वाजताच्या जागी वाचन लिहा. नंतर सुई ॲडॅप्टरच्या सपाट तोंडावर ठेवून तेच करा, पण या वेळी क्रँक एकाच दिशेने दाबून धरा, नाहीतर क्रँकचीच हालचाल वाचनात मिसळते. दोन्ही ठिकाणी सुईचा एकूण फरक पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या, आत आला पाहिजे. जुने लोक खोबणीला दहा थाऊ चालवून घेत. टी५ सारख्या ॲल्युमिनियमच्या बॉक्सला पाचच धरा.

इथे एक चूक वारंवार होते. सुईचा एकूण फरक म्हणजे मध्यातला फरक नव्हे, त्याच्या दुप्पट. सुईने चौदा थाऊ दाखवले तर मध्य सात थाऊ सरकलेला आहे. बेलला डॉवेल पिना असतील तर सात, चौदा, एकवीस थाऊच्या ऑफसेट पिना मिळतात. वरच्या उदाहरणात सातची जोडी लागेल, चौदाची नाही. ५९ मालिकेत ॲडॅप्टर नुसता बोल्टांवर टांगलेला असेल, तर बोल्ट सैल ठेवून, हलके ठोके देत मध्यावर आणा, आवळा, परत मोजा. मग एकमेकांपासून शक्य तितक्या लांब दोन ठिकाणी ड्रिल मारून रीमरने साफ करून डॉवेल बसवा. बोल्टचं काम आवळून धरणं. जागा राखायची तर डॉवेलच हवेत. सपाट तोंडाचा फरक जास्त असेल तर आधी रंग, गंज, बर (कडांवर उरलेली धातूची टोकं), जुनी वेल्डिंग साफ करा. निम्म्या वेळा तिथेच प्रश्न सुटतो. उरला तर ॲडॅप्टर लेथवर किंवा मिलिंगवर धरून चाटून घ्यावा लागतो. एका बाजूला शिम सारून वेळ मारून नेऊ नका.

मध्य चुकला तर काय होतं? गाडी पहिल्या दिवशी छान चालते. काही शे मैलांनंतर ॲक्सिलरेटर सोडला की चौथा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. चौथ्यात टी५ थेट जोडला जातो, म्हणून तिरक्या शाफ्टचा सगळा ताण तिथेच दिसतो. मग क्लच दाबूनही रिव्हर्स खरखरतो, कारण प्लेट दात्यांवर मोकळी सरकत नाही. बॉक्स उतरवला की पायलट बेअरिंग एका बाजूने झिजलेलं आणि प्लेटच्या हबचे दाते टोकदार झालेले सापडतात. लोक बॉक्सला दोष देतात, दुसरा बॉक्स आणतात, आणि दुसऱ्यालाही तेच होतं.

क्लचचं थोडक्यात. नवी प्लेट उघड्या फ्लायव्हीलवर ठेवून हाताने फिरवा. हब किंवा स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासता कामा नयेत. टी५ चा मूळ बेअरिंग रिटेनर ॲल्युमिनियमचा असतो आणि रिलीज बेअरिंग त्यावर सरकून सरकून खाच पडते. पोलादी रिटेनर लावा. मात्र त्याच्या मागचे शिम इनपुटची हालचाल ठरवतात, रिटेनर बदलला की ते पुन्हा मोजूनच घालायचे. रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या बोटांमध्ये अर्धा सूत मोकळीक ठेवा.

बॉक्स चढवताना तो हाताच्या जोराने, हलवत-हलवत, तोंडाला तोंड भिडेपर्यंत गेला पाहिजे. दोन सूत राहिले म्हणून बोल्ट आवळून ओढला की बॉक्सचा कान तुटतो. ॲल्युमिनियम आहे ते. अडत असेल तर कारण चारांपैकी एक असतं: प्लेट मध्यावर नाही, पायलट बेअरिंगचं माप लहान आहे, रिटेनरची कड खोबणीत मावत नाही, किंवा शाफ्ट लांब आहे. काढा, बघा, परत चढवा.

आधाराचा विचार बॉक्स उतरवण्याआधीच करा. या इंजिनाचे पुढचे दोन माउंट पाण्याच्या पंपांखाली आहेत आणि मागचा आधार गिअरबॉक्सखाली. जुना बॉक्स सुटला की इंजिनाची पाठ लोंबकळते. ऑईल पॅनखाली जाड फळी ठेवून जॅक द्या. टी५ साठी शेपटीखाली चॅसीची नवी आडवी पट्टी (क्रॉसमेंबर) करावी लागते. टी५ जुन्या बॉक्सपेक्षा लांब, म्हणून एक्स आकाराची चॅसीची मधली चौकट बहुतेक वेळा थोडी कापावी लागते. कापण्याआधी, चारही चाकांवर गाडी उभी असताना, चौकटीच्या आतून पट्ट्या जोडून ती बंद करा आणि मगच खाच काढा. आधी कापून नंतर मजबुती देणाऱ्यांचे दरवाजे लागेनासे होतात. क्लच-ब्रेकचे पेडल आणि मास्टर सिलिंडर याच चौकटीवर आहेत, त्यांच्या ब्रॅकेटला धक्का लावू नका. १९४० पासून फोर्डने गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कांडीवर नेला, त्यामुळे फरशीच्या पत्र्याला नवं भोक पडणार. ते शेवटी, दांडा पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये टाकून, डॅशबोर्डला आणि सीटला लागत नाही हे पाहून कापा.

प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडीचं वजन चाकांवर असताना मोजायची. स्लिप योक पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा, तिथून पिनियनच्या योकपर्यंतचं अंतर ही लांबी. बॉक्स मागे तीन अंश खाली झुकलेला असेल तर पिनियन तीन अंश वर, म्हणजे दोन्ही अक्ष समांतर. एका अंशाहून जास्त फरक राहिला की ५० मैलांपुढे गाडी गुणगुणते. कोन शून्यही नको, नाहीतर युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात.

तेल: वर्ल्ड क्लास टी५ ला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, डेक्सरॉन किंवा मर्कॉन, साधारण २.६५ लिटर. जुन्या सवयीने ९० नंबरचं जाड तेल घातलं तर सिंक्रोच्या रिंगांवरचं अस्तर नीट पकडत नाही आणि थंडीत दुसरा गिअर जातच नाही. योक घातल्याशिवाय तेल भरू नका, सगळं मागून जमिनीवर येईल. वीज मात्र काही लागत नाही. यांत्रिक स्पीडोमीटरचा बॉक्स असेल तर तुमच्या सहा व्होल्टच्या, पॉझिटिव्ह अर्थच्या वायरिंगला हातही लावावा लागत नाही. म्हणून बॉक्स विकत घेतानाच शेपटीवर केबलची जागा आहे की विजेचा सेन्सर, ते पाहून ठेवा.

इंजिन दुसरं असलं तरी रीत हीच, आकडे बदलतात. शेव्हरोलेच्या जुन्या सहा सिलिंडर गाड्यांना १९५४ पर्यंत आणि ब्यूइकला १९६० पर्यंत टॉर्क ट्यूब होती, तेव्हा मागच्या ॲक्सलची तीच कथा. ब्यूइकच्या ४०१ घनइंची नेलहेड इंजिनाचा टॉर्क ४४५ फूट-पौंड आहे. त्याखाली टी५ घालणं म्हणजे बॉक्स वाया घालवणं. तिथे ६०० फूट-पौंडांचा ट्रेमेकचा टीकेएक्स लागतो, आणि त्याच्या मोठ्या पोटासाठी फरशी जास्त कापावी लागते.

स्पीडोमीटरचं शेवटचं गणित, कारण ॲक्सल बदलल्यावर तो खोटं बोलायला लागतो. केबलला मैलामागे १,००० फेरे लागतात असं धरून: बॉक्समधल्या ड्राइव्ह गिअरचे दाते गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले टायरचे मैलामागे फेरे, भागिले १,०००, म्हणजे केबल फिरवणाऱ्या पिनियनचे दाते. २८ इंची टायर मैलाला ७२० फेरे घेतं. ड्राइव्ह गिअर ७ दाती आणि ॲक्सल ३.७८ असेल तर १९ दाती पिनियन लागते. ॲक्सल ३.०० केलात तर १५ येते. इतकी लहान पिनियन मिळाली नाही तर ८ दाती ड्राइव्ह गिअर आणि १७ दाती पिनियन ही जोडी घ्या, काटा बरोबर चालेल. फक्त हा ड्राइव्ह गिअर शेपटीच्या आत आउटपुट शाफ्टवर असतो. तो बदलायचा तर बॉक्स गाडीखाली जाण्याआधी, टेबलावर असतानाच बदला.